देव्हाऱ्याच्या जागी महाकारुणिक

सीमाभागाचा इतिहास लिहावयास बसले की आपल्यापुढे प्रथम कागद येतात. महाजन आयोगाचा अहवाल, शाळांचे दाखले, जमिनींचे उतारे, ठराव आणि निवेदने. या कागदांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु प्रत्येक घराच्या भिंतीत इतिहासाचे आणखी एक साधन असते आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ते साधन म्हणजे देव्हारा. कोनाड्यात आज कोण आहे आणि त्याच्याआधी तेथे कोण होते, एवढे दोन प्रश्न विचारले तरी त्या घराच्या तीन पिढ्या बोलू लागतात. प्रस्तुत लेखात आम्ही निपाणी, चिकोडी, बेळगाव या टापूतील मराठी बौद्ध कुटुंबांच्या घरातील एका साध्या फळीचा विचार करणार आहोत. तिच्यावर बुद्धाची मूर्ती किंवा तसबीर, शेजारी बाबासाहेबांचे छायाचित्र, मेणबत्ती, उदबत्ती आणि फुले असतात.

१९५६ सालच्या दोन तारखांपासून आरंभ करणे सोयीचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेचा कायदा अमलात आला आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. यांपैकी दुसरी तारीख आपल्या घराण्यांना तोंडपाठ आहे. दरवर्षी आपण ती काळा दिन म्हणून पाळतो. पहिली तारीख मात्र आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कधी उच्चारलीही गेली नाही. आणि तरीही आपल्याच गावाच्या एका भागातील माणसांनी त्या एकाच मोसमात राज्य बदललेले पाहिले आणि देवही बदलले. राज्य बदलताना त्यांना कोणी विचारले नव्हते. देव मात्र त्यांनी स्वतः बदलले.

या फळीवरील मूर्तीला वंदन करताना जे विशेषण वापरतात ते 'महाकारुणिक'. करुणेची ही मूर्ती आपल्या मुलखाला परकी नाही. कर्नाटकात ती हजार वर्षांपूर्वी घरोबा करून होती. मंगळूरच्या कद्री येथील मंजुनाथाच्या देवळात लोकेश्वराची एक भव्य कांस्यमूर्ती आहे. तीन मुखे आणि सहा हात असलेली ही मूर्ती आळुप राजा कुंदवर्मा याने इ. स. ९६८ मध्ये तेथील विहारात स्थापिली, असे तिच्या पीठावरील लेख सांगतो. लोकेश्वर म्हणजे अवलोकितेश्वर, दुःखितांकडे खाली वळून पाहणारा बोधिसत्त्व. गदगजवळच्या डंबळ येथील इ. स. १०९५ चा शिलालेख तर आम्हांस अधिक जवळचा वाटतो, कारण तो व्यापाऱ्यांचा आहे. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात तेथील सोळा शेट्टींनी बुद्धाचा विहार बांधला आणि लक्कुंडीच्या संगवय्य नावाच्या शेट्टीने आर्या तारादेवीचा. लेखाच्या आरंभी तारेची प्रार्थना आहे आणि ती पाणी, सिंह, आग, साप, हत्ती, चोर, बेड्या आणि पिशाच या भयांपासून तारणारी आहे, असे तीत म्हटले आहे. पेठेतून पेठेत माल घेऊन जाणाऱ्या माणसाची ही भीतीची यादी आहे. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात आणि औरंगाबादच्या सातव्या लेण्यात हीच अष्टमहाभये अवलोकितेश्वराभोवती कोरली आहेत. बुडते गलबत, चालून येणारा हत्ती, तलवार उगारलेला दरोडेखोर, आणि मध्ये कमळ धरून शांत उभा असलेला तो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आपण सर्वांनी चित्रांतून पाहिला आहे. पण त्याच्यासमोर हात जोडणाऱ्याच्या मनात काय असे, हे या दोन लेण्यांत अधिक स्पष्ट दिसते.

ही उपासना पुढे मावळली. कद्रीचा लोकेश्वर शैव देवळाच्या परिवारात राहिला. मराठी मुलखात बुद्ध दशावतारांच्या नवव्या घरात जाऊन बसला, आणि जुन्या छापील पंचांगांवर त्या घरात विठ्ठल रेखाटला जाऊ लागला. याच काळात पूर्वेकडे, चीनमध्ये, अवलोकितेश्वराने स्त्रीरूप घेऊन घरोघरच्या फळीवर ठाण मांडले. आपल्याकडे तो लेण्यांत उरला आणि लेण्यांना लोक पांडवांची म्हणू लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बुद्ध मराठीत परतला तो ग्रंथरूपाने. कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे 'गौतम बुद्धाचे चरित्र' १८९८ चे. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना हेच पुस्तक स्वतः केळुसकरांनी भेट दिले. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ आणि सिंहलद्वीपापर्यंत गेले व परतून त्यांनी मराठीत लिहिले. त्यांचे 'भगवान बुद्ध' १९४० चे. ही पुस्तके बेळगावच्या सुशिक्षित घरांत आणि वाचनालयांत आवडीने वाचली गेली. पण येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. आपल्या घरांत बुद्ध पुस्तकाच्या कपाटात आला, देव्हाऱ्यात आला नाही. पुढे तो दिवाणखान्यातील काचेच्या कपाटातही आला, शोभेचा, चिनी मातीचा. देव्हाऱ्यात येण्यासाठी आधी तेथली जागा रिकामी करावी लागते, आणि तशी गरज आपल्याला कधी भासली नाही.

ज्यांना ती भासली त्यांच्या घरात काय होते, हे पाहू. खंडोबाचे, मरीआईचे, पूर्वजांचे टाक होते. परंतु या टापूत सर्वांवर सत्ता चाले ती सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्माची. तिची परडी घरात असे, भंडारा असे, चौंडके खुंटीला टांगलेले असे. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला आणि माघातल्या यात्रेला घरची माणसे डोंगरावर जात. सर्व जातींचे लोक तिला मानतात हे खरे. आपल्याही घरांतून डोंगरावर नैवेद्य जात आला आहे. पण देवीचे देणे सर्वांनी सारखे फेडले नाही. मुलीच्या केसांत जट दिसली की देवीचे बोलावणे आले, असे समजले जाई. घरावर संकट आले की नवस बोलला जाई, आणि नवसाची फेड म्हणून मुलीच्या गळ्यात मोत्यांचे दर्शन बांधले जाई. अशा रीतीने सोडलेल्या मुली बहुतांशी अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतील असत. त्या घरांतील कोनाडा म्हणूनच केवळ श्रद्धेची जागा नव्हता. त्यात कोण बसणार यावर घरातील एखाद्या मुलीचे सारे आयुष्य ठरत असे.

या वस्त्यांत नवा विचार लवकर आला, याला आपल्या भागाचा भूगोल कारण आहे. कोल्हापूर जवळ, आणि कोल्हापुरात शाहू महाराज. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे परिषद झाली. तिचे अध्यक्षस्थान तरुण आंबेडकरांकडे होते आणि शाहू महाराज स्वतः तेथे आले होते. पाच वर्षांनी, १० आणि ११ एप्रिल १९२५ रोजी, मुंबई इलाख्यातील बहिष्कृतांची प्रांतिक परिषद निपाणीत भरली आणि तिचेही अध्यक्ष आंबेडकरच होते. महाडचा सत्याग्रह अजून दोन वर्षे दूर होता. तंबाखूच्या वखारींचे गाव म्हणून निपाणी सर्वांना माहीत आहे. या परिषदेमुळे तिला जो मान आहे, तो मात्र आपल्या स्थानिक इतिहासांत एका ओळीपुढे जात नाही. पुढे जून १९३६ मध्ये मुंबईत दामोदर हॉलच्या सभेत देवदासी, जोगतिणी, आराधी आणि मुरळ्या यांच्यापुढे बोलताना बाबासाहेबांनी, समाजात मानाने यावयाचे असेल तर ही वृत्ती सोडावी लागेल, असे परखडपणे बजावले. म्हणजे दीक्षेच्या वीस वर्षे आधीच कोनाड्यातील देवीचा प्रश्न उघडपणे मांडला गेला होता.

बुद्धाची मूर्ती प्रत्यक्ष बसविण्याचा आरंभही दीक्षेपूर्वीचा. २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथे रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बाबासाहेबांच्या हस्ते स्थापन झाली. पंढरपूरचा विठोबा म्हणजे मूळचा बुद्धच, असा प्रबंध लिहिण्याचा मनोदय त्यांनी त्याच प्रसंगी बोलून दाखविला होता. तो प्रबंध झाला असता तर वारकरी घराण्यांत केवढे वादळ उठले असते, याची कल्पना करवत नाही. परंतु दीक्षाभूमीवरील बावीस प्रतिज्ञांत त्यांनी मार्ग निःसंदिग्ध केला. ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती यांची उपासना करणार नाही. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मानणार नाही. श्राद्ध करणार नाही. त्याच प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि प्रज्ञा, शील व करुणा यांची सांगड घालून जगण्याचीही शपथ आहे. पहिल्या भागाची चर्चा फार झाली. दुसऱ्या भागाची व्हावी तेवढी झाली नाही.

घरोघरी मग काय झाले, हे महाराष्ट्रातील दीक्षेच्या अनेक वृत्तांतांतून आणि दलित आत्मकथनांतून आपणांस माहीत आहे. टाक, मूर्ती आणि परड्या टोपल्यांत भरून नदीला, विहिरीला दिल्या गेल्या. काही घरांत म्हाताऱ्या माणसांनी अडविले, तेव्हा वाट पाहिली गेली. काहींनी आतल्या खोलीत परडी आणि पुढच्या सोप्यात बुद्ध अशी तडजोड केली. तीस आम्ही दांभिकता म्हणणार नाही. ज्या देवीचा धाक चार पिढ्यांनी वाहिला, तिला एका सकाळी टोपलीत घालणे हे धैर्याचे काम आहे, आणि धैर्य सर्वांना एकाच दिवशी येत नाही.

रिकाम्या झालेल्या जागी नवी मांडणी कशी करावी, यासाठी आधार होता बाबासाहेबांनी संकलित केलेल्या 'बौद्ध पूजापाठ' या लहानशा पुस्तिकेचा आणि त्यांनीच १९५५ साली स्थापिलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या कार्यकर्त्यांचा. ती मांडणी अगदी थोडक्यात आटोपते. बसलेल्या माणसाच्या डोक्याहून उंच अशी एक स्वच्छ फळी, तिच्यावर पांढरे वस्त्र, मध्यभागी बुद्ध. बाबासाहेबांची तसबीर बाजूस किंवा किंचित खाली. ती एकाच पातळीवर असावी की नसावी, यावर बौद्ध घरांत मते वेगवेगळी आहेत आणि दोन्हीकडची तळमळ खरी आहे. मेणबत्ती उजेडासाठी, उदबत्ती शीलाच्या सुगंधाची खूण म्हणून. फुले वाहताना जी पाली गाथा म्हणतात तिचा भाव असा की हे फूल जसे कोमेजेल तसा हा देहही. नंतर त्रिशरण आणि पंचशील. पौर्णिमेस घरातील सर्वांनी पांढरी वस्त्रे नेसून एकत्र बसावे, आणि आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे रोज थोडे वाचन व्हावे.

येथे काय नाही, हे अधिक लक्षात घेण्यासारखे आहे. नैवेद्य नाही. नवस नाही. कौल लावणे नाही, अंगात येणे नाही. सोवळे नाही, म्हणून विटाळही नाही. घरातील कोणत्याही स्त्रीने कोणत्याही दिवशी मेणबत्ती लावावी. पुजारी लागत नाही. वाचता येणारे शाळकरी मूल वंदना सांगते आणि आजी मागून म्हणते. पौर्णिमा तीच राहिली हे विशेष. मार्गशीर्षातल्या ज्या पुनवेला पूर्वी डोंगराची वाट धरली जाई, त्याच पुनवेला आता घरी वंदना होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डंबळची तारा आणि कान्हेरीचा अवलोकितेश्वर हे हाक मारताच धावून येणारे होते. फळीवरचा महाकारुणिक धावून येत नाही. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, हे आवर्जून मांडले. मग त्याच्या करुणेचा घराला उपयोग कोणता? ज्यांचे आजवरचे देव संकटात काही तरी करीत, निदान करतील अशी आशा तरी देत, त्यांना हा प्रश्न साहजिकच पडला असणार. बाबासाहेबांचे उत्तर त्याच ग्रंथात आहे. करुणा म्हणजे माणसांविषयीचा कळवळा, आणि मैत्री म्हणजे तो सर्व जीवमात्रांपर्यंत नेणे. ही देवाकडून मागण्याची वस्तू नव्हे, करण्याची आहे. याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी कथा आहे, ती आपणा सीमावासीयांनी पुन्हा वाचावी असे आम्हांस वाटते. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात युद्धाला नकार दिल्यामुळे तो घराबाहेर पडला, असे तेथे सांगितले आहे. पाण्याच्या भांडणाचा धागा कोसंबींनीही आधी मांडला होता. दोन शेजारी, एक नदी आणि हद्दीचे वैर. महाकारुणिकाची कथा अशा ठिकाणी सुरू होते.

अवलोकितेश्वराची जुनी उपासना पाहावयाची असेल तर आज लांब जावे लागत नाही. हुबळीच्या पलीकडे मुंडगोड येथे १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेथील घरांत चेनरेझिगची, म्हणजे अवलोकितेश्वराचीच, प्रतिमा असते. तिच्यापुढे पाण्याच्या सात वाट्या सकाळी भरून सायंकाळी रित्या करतात, तुपाचा दिवा लावतात आणि त्याचा मंत्र जपमाळेवर म्हणतात. दलाई लामा त्याचेच प्रकट रूप अशी त्यांची श्रद्धा. घर गमावलेल्या त्या माणसांना तारणाऱ्याचीच मूर्ती हवी होती, हे समजण्यासारखे आहे. मराठी बौद्धांतही हे नाव अगदीच अनोळखी राहिले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने सहस्रबाहू अवलोकितेश्वराचे चित्र आणले, पण त्याचा अर्थ असा लावला की हे हजार हात म्हणजे एकत्र काम करणारे आपणच. तरीही काही जुन्या बौद्ध घरांत अशा चित्राकडे साशंकतेने पाहिले जाते, आणि आमचे मत विचाराल तर ती शंका अनाठायी नाही. ज्याने एकदा तारणाऱ्या देवीची किंमत मोजली आहे, तो दुसऱ्या तारणाऱ्यास फळीवर घेताना विचार करणारच.

ही किंमत चुकविणे थांबले ते केवळ फळी बदलल्यामुळे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. १९७५ साली महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या पुढाकाराने गडहिंग्लज येथे देवदासी निर्मूलनाची परिषद झाली आणि चळवळ निपाणीपर्यंत पसरली. त्याच सुमारास निपाणीत तंबाखूच्या वखारींतील स्त्री-कामगार प्रा. सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली संघटित होत होत्या. १९८२ साली कर्नाटक विधिमंडळाने मुली सोडण्याच्या प्रथेस बंदी करणारा कायदा केला. कार्यकर्ते गावोगाव जटा कापून, केस धुऊन, देवीचा कोप होत नाही हे दाखवीत फिरले. ज्या घरात फळी आधीच बदललेली होती तेथे कात्री लवकर पोचली असणार, असे आम्हांस वाटते.

उरला कागदाचा प्रश्न. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या २७ लाख ८९ हजारांवर गेली. म्हैसूर राज्याच्या सबंध विस्तारात ती जेमतेम दहा हजारांच्या घरात होती. सीमेच्या अलीकडे दीक्षेचे वारे पोचलेच नाही, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील तर तो फसवा ठरेल. अनुसूचित जातीचा दर्जा बौद्धांना केंद्राच्या कायद्याने मिळाला तो १९९० साली. तोवर कागदावर बौद्ध लिहिणे म्हणजे मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरीची आशा सोडून देणे. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती देऊन यातून काही वाट काढली होती. पण हा टापू आता महाराष्ट्रात नव्हता. तेव्हा शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि घरच्या फळीवर दुसरा, असे कित्येकांनी चौतीस वर्षे काढले. अठरा दिवसांच्या अंतराने आलेल्या त्या दोन तारखा येथे एकमेकींत गुंततात. आपण ज्या कागदांच्या बळावर सीमाभागाचा इतिहास सांगतो, त्याच कागदांनी या कुटुंबांविषयी निम्मेच सांगितले आहे.

म्हणून ही फळी पाहिली पाहिजे. तसबिरींच्या पाठीवरील पुठ्ठ्यावर चौकट करणाऱ्याचे नाव आणि पेठ कधी कधी वाचता येते, क्वचित सालही सापडते. काही ठिकाणी चौकट जुनीच असते, लाकडावर हळदीचे डाग असतात आणि आतले चित्र तेवढे नवे असते. अशा चौकटी, 'पूजापाठा'च्या जुन्या प्रती, पहिल्या मूर्तीच्या खरेदीची पावती, किंवा परडी नदीला दिल्याच्या दिवसाची घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आठवण ज्या वाचकांच्या परिचयातील कुटुंबांत असेल, त्यांनी त्या कुटुंबाच्या संमतीने तिची नोंद करून मंडळाकडे पाठवावी. चौकटीच्या मागील बाजूचे छायाचित्र घेताना तसबीर फळीवरून उतरवावी लागते. ते काम घरच्याच माणसाला करू द्यावे.